सहीचा माणूस



ब्रह्मदेश आपल्याला परका नाही. १९५४ साली बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते. १९५६ साली नागपुरात त्यांना दीक्षा देणारे भन्ते चंद्रमणी मूळचे त्याच देशातल्या आराकानचे. म्हणून तिकडची वाईट बातमी आली की आम्हाला घरातली बातमी आल्यासारखे होते.

आज आम्ही म्यिंट स्वे या लष्करी अधिकाऱ्याविषयी बोलणार आहोत. १९५१ चा जन्म, मोन समाजातले. लष्करी प्रबोधिनीतून बाहेर पडून ते लेफ्टनंट जनरल झाले. २००४ नंतर लष्करी गुप्तचर खातेही त्यांच्या हाती आले. २००७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने इंधनाचे दर एकाएकी वाढवले. लोकांची उपासमार पाहून भिक्खू रस्त्यावर उतरले. त्यांनी लष्करशहांच्या दानापुढे भिक्षापात्र पालथे घातले. उपासकाला याहून मोठी शिक्षा नाही! सरकारने उत्तर दिले ते लाठ्यांनी आणि गोळ्यांनी. त्या वेळी रंगूनची लष्करी सूत्रे याच गृहस्थांकडे होती.

पुढे गणवेश उतरला. २०१० ची निवडणूक लष्कराच्या पक्षातर्फे लढवून ते २०११ साली रंगून प्रांताचे मुख्यमंत्री झाले. मुख्यमंत्री राष्ट्रपतीने नेमायचा आणि प्रांतिक विधिमंडळात चौथा हिस्सा लष्कराचा, अशी ती घटना. २०१२ साली उपराष्ट्रपतिपद जवळ आले होते, पण कुटुंबातील एक जण परदेशी नागरिक निघाला. सू ची यांना अडवणारे कलम यांनाच आडवे आले. अखेर २०१६ साली ते पद मिळालेच.

आता खरा मुद्दा. आम्ही बँकेतले कारकून. व्हाउचर एकाने लिहायचे, दुसऱ्याने पास करायचे, हा आमचा पहिला धडा. १ फेब्रुवारी २०२१ रोजी पहाटे लष्कराने राष्ट्रपती विन म्यिंट यांना अटक केली. आणीबाणी पुकारायला राष्ट्रपतीची सही लागते. प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा द्या, असे अधिकाऱ्यांनी त्यांना सांगितले. प्रकृती उत्तम आहे, असे म्हणून त्यांनी नकार दिला. हे त्यांनी पुढे न्यायालयात सांगितले. मग म्यिंट स्वे ‘हंगामी राष्ट्रपती’ झाले. मॅनेजरला खोलीत कोंडून असिस्टंटकडून चेक पास करून घ्यावा, तसाच हा प्रकार! सही झाली आणि सर्व सत्ता सेनापती मिन आँग लाईंग यांच्याकडे गेली. त्यानंतर दर सहा महिन्यांनी मुदतवाढ.

आम्हाला राग येतो तो याचा की, नियम मोडला असे दिसू नये म्हणून एवढी धडपड केली. बंदूक हातात असताना कागद कशाला हवा होता?

जुलै २०२४ मध्ये म्यिंट स्वे आजारी पडले. त्यांचे अधिकार सेनापतींनीच घेतले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला आणीबाणी पुन्हा वाढली. या खेपेस मागणारेही तेच, मंजूर करणारेही तेच. आमच्या ऑडिटरने असले व्हाउचर पाहिले असते तर!

३१ जुलै २०२५ रोजी ती आणीबाणी उठली. ७ ऑगस्टला म्यिंट स्वे वारले.