अठ्ठावीस दिवसांचा रस्ता

मुंबईच्या उपनगरांत बाजारपेठांचे रस्ते काँक्रीटचे झाले. काम चांगलेच; खड्ड्यांना आपण सगळेच कंटाळलो होतो. ओल्या काँक्रीटवर गोणपाट अंथरतात, पाणी मारतात. त्याला ताकद यायला २८ दिवस धरतात.

त्या दिवसांत भाजीवाली कुठे जाते? आमच्या बाजारातल्या मावशींना विचारले. म्हणाल्या, "भाई, रोज नवा कोपरा, रोज नवी हाकाटी."

२०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला हटवू नये. पण रस्ताच खणल्यावर टोपली ठेवायची कुठे? पदपथ आखतानाच त्यांची जागाही आखावी. काँक्रीटला आपण महिना देतो. मावशींना टोपलीपुरती जागा देऊ या.