राजाचा सावकार : सर अर्नेस्ट कॅसेल

1869 साली इंग्लंडमधील लिव्हरपूल बंदरात 17 वर्षांचा एक ज्यू मुलगा उतरला. जर्मनीतील कोलोन शहरी त्याच्या वडिलांची बेताची पेढी होती. चौदाव्या वर्षीच शाळा सोडून त्याने दुसऱ्या एका पेढीत उमेदवारी केली होती, आणि आता धान्याच्या व्यापाऱ्याकडे कारकुनी करावी, एवढीच त्याची मजल होती. 1921 च्या सप्टेंबरात लंडनच्या पार्क लेनवरील प्रासादतुल्य घरात तो निवर्तला, तेव्हा त्याच्यामागे 70 लाख पौंडांहून अधिक संपत्ती होती. हाच सर अर्नेस्ट कॅसेल.

लंडनच्या एका मोठ्या पेढीत शिरल्यावर बुडीत निघालेले व्यवहार निस्तरण्यात त्याने नाव मिळविले. स्वीडनमधील लोहखाणी, अमेरिकेतील व मेक्सिकोतील रेल्वे, चीनचे कर्ज, लंडनची भुयारी रेल्वे, अशा कित्येक उद्योगांना त्याने भांडवल उभारून दिले. तो मितभाषी होता. सभा गाजविणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याची खरी बुद्धी पाहावयाची तर ईजिप्तमध्ये जावे लागते.

नाईल नदीवर अस्वान येथे धरण बांधल्यावाचून उन्हाळी पिकास पाणी मिळणे कठीण होते. परंतु ईजिप्तची तिजोरी परकीय धनकोंच्या देखरेखीखाली. पैसा आणावा कोठून? 1898 साली कॅसेलने तोड काढली. जॉन एर्ड या कंत्राटदारास कामाचे पैसे त्याने पुरवावयाचे. धरण पुरे होईपर्यंत सरकारने छदामही द्यावयाचा नाही. नंतर 30 वर्षे, दर सहामाहीस एक, असे 60 हप्ते फेडावयाचे. म्हणजे ज्या पाण्याने पीक वाढावयाचे, त्याच पिकावरील साऱ्यातून धरणाचे मोल चुकते व्हावयाचे! 1902 मध्ये धरण पुरे झाले. मूळ करार सुमारे 20 लाख पौंडांचा, तर हप्त्यांची बेरीज 47 लाखांच्या घरात गेली. या बेरजेकडे पाहून त्यास कोणी परोपकारी म्हणणार नाही. पण रिकाम्या तिजोरीच्या देशात धरण उभे राहिले, हेही तितकेच खरे.

युवराज एडवर्डशी त्याचा स्नेह जुना होता. युवराजाचा पैसा गुंतविण्याचे काम कॅसेलकडे असे. दोघांच्या दाढीची ठेवणही सारखीच. टवाळखोर दरबाऱ्यांनी राजवाड्याच्या नावावर कोटी करून त्याचे ‘विंडसर कॅसल’ असे नामकरण केले होते. एडवर्ड राजा झाल्यावर 1902 मध्ये कॅसेल प्रिव्ही कौन्सिलचा सभासद झाला. शपथेसाठी त्याने कॅथलिक बायबल मागितले, तेव्हा भोवतालचे लोक थक्क झाले. त्याची पत्नी अ‍ॅनेट लग्नानंतर तीनच वर्षांनी, 1881 साली, क्षयाने वारली होती. तिच्या अखेरच्या इच्छेस मान देऊन त्याने तो पंथ स्वीकारला होता, आणि वीस वर्षे त्याची वाच्यताही केली नव्हती. क्षयरोग्यांसाठी मिडहर्स्ट येथे जे आरोग्यधाम 1906 साली उघडले, ते त्याने राजाच्या हाती दिलेल्या 2 लाख पौंडांतून उभारलेले. तरीही 1911 मध्ये त्याच रोगाने त्याची एकुलती एक कन्या मॉड हिरावून नेली.

तत्पूर्वी, 6 मे 1910 रोजी, आजारी राजाने त्यास बोलावून घेतले आणि खुर्चीतून उठून त्याच्याशी हस्तांदोलन केले. त्याच रात्री राजा गेला. कॅसेलचा आधारही गेला.

1912 च्या प्रारंभी तो बर्लिनला गेला. इंग्लंड आणि जर्मनी यांची युद्धनौका बांधण्याची चढाओढ थांबावी, म्हणून त्याने आणि हॅम्बुर्गच्या आल्बेर्ट बालीनने खटपट केली. ती फळली नाही. युद्ध पेटताच मात्र त्याची जन्मभूमी तेवढी लोकांना आठवली. इंग्लंडचे नागरिकत्व घेऊन 36 वर्षे लोटली होती. त्याच्या घरातील लढण्याजोगे पुरुष इंग्लंडच्याच सैन्यात होते. तरी 1915 च्या मे महिन्यात त्यास ‘टाइम्स’ पत्रातून आपल्या राजनिष्ठेची ग्वाही द्यावी लागली. त्याचे आणि एडगर स्पायर यांचे प्रिव्ही कौन्सिलमधील सभासदत्व रद्द व्हावे, असा दावा न्यायालयात गेला. सरन्यायाधीश लॉर्ड रीडिंग यांच्या न्यायपीठाने तो फेटाळला : परदेशात जन्मून नागरिक झालेला मनुष्यही त्या पदास पात्र आहे. निकाल अपिलातही टिकला. कायद्याने त्यास इंग्रज ठरविले. समाजाने ठरविले की नाही, हा प्रश्न निराळा. त्याने मात्र हात आखडला नाही. 1919 साली शिक्षणकार्यासाठी 5 लाख पौंडांचा निधी दिला, तो याच समाजाला.

त्याच्या संपत्तीचा मोठा वाटा मॉडची मुलगी एडविना हिला मिळाला. आजोबांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी ती हिंदुस्थानात आली. 1922 च्या फेब्रुवारीत, दिल्लीत व्हाइसरॉयकडे पाहुणी असताना, लुई माउंटबॅटनशी तिचा वाङ्‌निश्चय झाला. व्हाइसरॉय होते तेच लॉर्ड रीडिंग.