जुन्या मोटारीच्या टपावरील पोचे

मोटारीच्या टपाला पडलेला पोचा हा काय नभोवाणीवरून बोलण्याचा विषय आहे, असें आपणांपैकीं कित्येकांना वाटेल. परंतु ज्यांच्या घरीं वडिलांच्या वेळची एखादी फियाट अथवा पद्मिनी अजून झांकून ठेवलेली आहे, त्यांना माझें म्हणणें तत्काळ उमजेल. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी ही गाडी २००० सालच्या सुमारास निघेनाशी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सीही गेली. तिचा नवा टप आतां कारखान्यांतून येणार नाहीं. आहे तोच सांभाळला पाहिजे.

आमच्या दारांतल्या माडानें एका पावसाळ्यांत गाडीवर दोन नारळ टाकले. एकानें मागच्या बाजूस परातीएवढा उथळ खळगा केला. दुसऱ्यानें पुढें वाटीएवढा, पण खोल. गाडी तीर्थरूपांनीं १९७८ सालीं घेतलेली. ते आतां नाहींत. मातोश्रींना ऐंशी वर्षें पुरीं होत होतीं, आणि त्या दिवशीं त्याच गाडींतून देवदर्शनास जावें एवढीच त्यांची इच्छा होती. पोचे आपणच काढावे असें मी ठरविलें. एक निघाला, एक मीं बिघडविला. म्हणून दोहोंची हकीकत सांगतों.

प्रथम पोचा म्हणजे काय तें पाहूं. तेलाच्या पत्र्याच्या डब्याचा तळ अंगठ्यानें दाबला कीं टक्कन आंत जातो व सोडला कीं बाहेर येतो. तेथें पत्रा केवळ लवलेला असतो. पण धार पडेपर्यंत दाबला, तर ती घडी कायमची राहते. टपाच्या उथळ पोच्यांत मधला पुष्कळसा पत्रा नुसता लवलेला असतो. त्याला खालीं अडकवून ठेवते ती भोंवतालची उंच कड. ही कड सोडविली कीं मधला भाग बहुतांशीं आपणहून वर येतो. म्हणून काम कडेकडून मध्याकडे करावें. खळग्याच्या मध्यावरच हातोडी मारण्याचा मोह प्रत्येकास होतो, आणि तोच घातक ठरतो.

टपाला आंतून हात पोंचण्यासाठीं छताचें अस्तर उतरावें लागतें. आधीं बॅटरीची तार सोडावी, कारण आंतील दिव्याच्या तारा तेथूनच जातात. मग दिवा व उन्हाच्या झडपा काढाव्या. या पिढीच्या बहुतेक गाड्यांत अस्तर तारेच्या कमानींवर ताणलेलें असतें. कमानींची लांबी सारखी नसते. म्हणून प्रत्येकीवर क्रमांकाची चिठ्ठी बांधावी. जुनें रेक्झिन थंडींत तडकतें. गाडी घटकाभर उन्हांत ठेवली म्हणजे तें मऊ होतें.

परातीएवढ्या पोच्याला मीं आंतून तळहात लावून सावकाश रेटा दिला, आणि बाहेरून कडेवर लांकडी हातोडीनें हलके ठोके देत वर्तुळाकार फिरलों. दहाबारा फेऱ्यांनंतर टक् असा आवाज झाला आणि पत्रा वर आला. गरम पाणी व बर्फ यांचा जो उपाय सांगतात तो प्लॅस्टिकच्या भागांना कधीं लागू पडतो. पोलादी पत्र्यावर त्याचा भरंवसा धरूं नये.

या यशानें मी चढलों. वाटीएवढ्या पोच्याखालीं लोखंडी ठोकळा घट्ट धरून वरून पोलादी हातोडी चालविली. पुण्याच्या तांबट आळींत मठारकाम पाहिलेल्यांस माझी चूक ध्यानांत येईल. धातू ऐरण व हातोडी यांच्यामध्यें सांपडला कीं तो पातळ होऊन पसरतो. पसरलेल्या पत्र्याला टपांत जागा पुरेना. तो फुगला, दाबला कीं टक्कन खालीं जाई, सोडला कीं वर येई. ठोकळा खोलगट भागाखालीं धरून ठोका शेजारच्या उंच कडेवर मारावयास हवा होता.

असा पसरलेला पत्रा ठिपक्याठिपक्यानें तापवून व निववून आंखडून घेतां येतो. परंतु अस्तर, गाद्या व पेट्रोल यांच्या शेजारीं घरीं ज्योत पेटवूं नये. मीं एका वृद्ध कारागिरास बोलाविलें. त्यांनीं पत्र्यावरून हात फिरवून विचारलें, "किती ठोके मारले?" मीं सांगितलें, "मोजले नाहींत." ते म्हणाले, "मग आतां मी मोजून मारतों."

काम तपासण्याची रीत मीं त्यांच्याकडूनच शिकलों. पातळ सुती कापडावरून तळहात फिरवावा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा हाताला कळतो. नंतर रंग घांसतांना कागद पाण्यांत भिजवावा व तोंडावर मुखवटा बांधावा, कारण जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. उघडा पत्रा रात्रभरही तसाच ठेवूं नये, लागलीच अस्तररंग द्यावा. लांबी भरावयाची ती पातळ. जाड थर पुढें तडकतो व खालीं गंज पोसतो.

वाढदिवशीं मातोश्री गाडींत बसण्यापूर्वीं टपावरून हात फिरवूं लागल्या. पुढच्या बाजूस त्यांचा हात किंचित् थांबला. त्या म्हणाल्या, "येथें कांहीं होतें का रे?" मीं कबूल केलें. "असूं दे," त्या म्हणाल्या, "त्यांनीं तरी गाडी कधीं पहिल्याच फेरींत दारांत नीट लावली होती?"

श्रोतेहो, घरचें काम घरीं करावें. परंतु आपला हात कोठें थांबवावा हेंही घरींच शिकावें. पत्रा एकदां पसरला म्हणजे पश्चात्तापानें आंखडत नाहीं.