हात चांगला, तास थोडके

तुळशीची लग्नं लागली की घराघरांत तिथ्या पाहणं सुरू होतं. मोताळा तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या रोहिणखेडसारख्या गावात लग्नाचा हिशेब बहुधा कापूस आणि सोयाबीनच्या पैशावर बसवलेला असतो. मांडव, आचारी, किराणा, कपडे, सोनं यांचा अंदाज घरातल्या मोठ्यांना असतो. फोटो आणि शूटिंगचा आकडा मात्र ऐनवेळी समोर येतो आणि घासाघीस नेमकी कुठे करायची हे उमगत नाही. मग काही जण ‘एकदाच तर लग्न आहे’ म्हणून सांगितलेलं सगळं पॅकेज घेतात. काही जण सगळ्यात स्वस्त माणूस ठरवतात आणि पुढे अल्बम उघडला की हळहळतात. मला असं सांगायचं आहे की फोटोग्राफरच्या हाताचे पैसे कापू नका. त्याचे तास कापा, यंत्रं कापा, अल्बमची पानं कापा.

पहिली बचत सोयरिकीच्या बैठकीतच होऊ शकते. आपल्याकडे नवरीकडचा फोटोग्राफर वेगळा आणि नवरदेवाकडचा वेगळा, अशी रीतच पडून गेली आहे. अंतरपाट धरला की तेवढ्याशा जागेत दोन फोटोवाले, दोन शूटिंगवाले आणि लाइट धरणारी पोरं दाटी करतात. एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोत येतो, एकाची पाठ दुसऱ्याच्या शूटिंगमध्ये. समोर अक्षता घेऊन उभ्या असलेल्या मंडळींना तर नवरा-नवरी दिसतच नाहीत. देण्याघेण्याचं, पंगतीचं, बँडचं बोलणं ज्या बैठकीत होतं, तिथेच ठरवून टाका: लग्नाच्या दिवशी दोन्ही घरांत मिळून एकच फोटोग्राफर, खर्च निम्मा-निम्मा. त्याने दोन माणसं आणावीत, एक फोटोला आणि एक व्हिडिओला. सगळे फोटो दोन्ही घरांना मिळतील. अल्बम हवे तर दोन करा. एकाच्या सुरुवातीला नवरीच्या घरची हळद, दुसऱ्याच्या सुरुवातीला नवरदेवाकडची. यात कुणाचा मान कमी होत नाही. फक्त निम्म्याचा अर्थ निम्मा असावा, सगळा भार मुलीच्या बापावर जाऊ नये.

आता दर्जाचं पाहू. कॅमेरा चांगला लागतो हे खरं, पण चेहऱ्यावर उजेड कसा पडतो त्यावर फोटोचं निम्म्याहून जास्त काम होतं, आणि हा उजेड बराचसा आपल्या हातात असतो. बुलढाणा जिल्ह्यातली पुष्कळ लग्नं एप्रिल-मेच्या टळटळीत उन्हात होतात. मांडवाचं कापड लाल, पिवळं, नाही तर जांभळं. ऊन त्या कापडातून झिरपून खाली येतं आणि नवरीचा चेहरा तांबडा, शालू भलत्याच रंगाचा, हळदीचे हात भगवे दिसतात. पुढे कॉम्प्युटरवरही हा रंग पुरता निघत नाही. कारण चेहऱ्याच्या एका बाजूला कापडाचा लाल उजेड असतो आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचा पांढरा. एक सुधारायला जावं तर दुसरा बिघडतो. म्हणून मंडपवाल्याला आधीच सांगा की स्टेजच्या वर आणि हळदीच्या जागेवर पांढरं कापड लाव. रंगीत झालरी बाजूंना, कमानीला खुशाल असू द्या. पांढऱ्या कापडाखाली साध्या कॅमेऱ्यानेही माणसाची कांती जशी आहे तशी येते.

रात्रीचा कार्यक्रम असेल तर विधी होईपर्यंत रंगीत फिरते दिवे बंद ठेवा. हलक्या एलईडी दिव्यांमुळे व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात, तेव्हा शूटिंगवाल्याला थोडं आधी बोलावून दिवे लावून पाहायला सांगा. नवरा-नवरीचे खास फोटो भर दुपारी काढू नका. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरचा अर्धा तास पुरतो. जुन्या घराची ओसरी असेल, तर दारातून आत येणाऱ्या मऊ उजेडात नवरीला बसवा. त्यासाठी कुठला स्टुडिओ लागत नाही.

तास कसे कापायचे? मुहूर्त गाठून. पत्रिकेवर सकाळची वेळ असते आणि वरात डीजेसमोर नाचत राहिली की मंगलाष्टका दुपारी उशिरा होतात. तोवर फोटोग्राफरचे ठरलेले तास संपत येतात. पाठवणीच्या वेळी, म्हणजे ज्या फोटोसाठी आई पुढे आयुष्यभर अल्बम उघडणार, तेव्हा तो जास्तीचे पैसे मागतो किंवा घाईत असतो. वरातीला एक तास, इतकं ठरवून पाळलं तरी खर्चात मोठा फरक पडतो.

ज्यांचे फोटो हवेतच, अशा माणसांची एक यादी मात्र जरूर करा, आणि ती फोटोग्राफरला देऊन मोकळे होऊ नका. भाऊकीतला एखादा असा मुलगा किंवा मुलगी नेमा, जिला दोन्हीकडची माणसं ओळखता येतात. आजी, थोरले मामा-मामी, आत्या, स्वयंपाकघरात राबणाऱ्या शेजारणी, लग्न जमवणारे काका. या सगळ्यांचे फोटो स्टेजवर आहेराची रांग लागायच्या आधी घ्या. एकदा रांग लागली की पाकीट हातात घेतलेले, एकसारखे उभे असलेले शेकडो फोटो निघतात आणि वयस्कर माणसं जेवून खाटेवर विसावलेली असतात. कुणाचा चेहरा मागे उरतो, ते रोहिणखेडलाच पाहा. तिथे १४३७ आणि १५९० अशा दोन लढाया झाल्या. खुदावंत खान या सरदाराने १५८२ साली बांधलेली मशीद तिथे आहे. सरदारांची नावं इतिहासात राहिली. त्या काळी तिथे नांगर धरणाऱ्याचा, दळण दळणारीचा चेहरा कुठेच उरला नाही. आपल्या आजीचा नीट काढलेला एक फोटो घरात असणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. ड्रोनच्या दहा मिनिटांपेक्षा मी त्याला जास्त किंमत देईन.

ड्रोनचं निघालंच आहे, तर केंद्र सरकारच्या २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे पायलटचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्र नसेल तर नको म्हणा. क्रेन, एलईडी वॉल, धुराचं यंत्र यांनी फोटो सुधारत नाहीत. प्री-वेडिंगची हौस असेल तर लोणारला किंवा अजिंठ्याच्या डोंगरात गाडी करून जाण्याऐवजी बोंडं फुटलेल्या आपल्याच कपाशीत संध्याकाळी उभे राहा.

माणूस निवडताना मोबाइलवरचे वेचलेले वीस फोटो पाहून ठरवू नका. गावातल्या मांडवात, भर दुपारी लागलेल्या एका लग्नाचा सगळा अल्बम पहिल्या पानापासून मागा. मोताळा, मलकापूर, बुलढाणा इथलाच कुणी चांगला असेल तर गाडीभाडं आणि मुक्काम वाचतो. मग स्पष्ट विचारा, ‘भाऊ, तुम्ही स्वतः येणार की माणूस पाठवणार?’ दाट तिथीला एका नावावर अनेक ऑर्डरी घेतल्या जातात आणि दारात भलताच कुणी उभा राहतो. तिथी थोडी विरळ निवडता आली तर तोच माणूस कमी पैशात आणि निवांतपणे काम करतो. तारीख, तास, किती माणसं येणार, किती शीट, अल्बम कधी मिळणार, मूळ फोटो सगळे देणार का, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. इसार द्या, पण शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावरच.

अल्बमचा दर शीटवर असतो. चाळीस शीटचा अल्बम पंचवीसवर आणला तरी काही अडत नाही. मागचे चंद्र, गुलाब आणि ढग काढून टाकले की जागा आपोआप होते. व्हिडिओत गाणी भरून मिक्सिंग करताना मूळ आवाज पुसला जातो. हळदीला बायकांनी म्हटलेली गाणी, मंगलाष्टका म्हणणाऱ्या मामाचा थरथरता आवाज, पाठवणीला आईने लेकीला सांगितलेले दोन शब्द. हे सगळं सिनेमाच्या गाण्याखाली जातं आणि पुन्हा मिळत नाही. तेवढ्या भागांना गाणं लावू नका म्हणून सांगा. जितकं मिक्सिंग कमी, तितके पैसेही कमी लागावेत, हेही बोलून घ्या.

नव्वदच्या दशकातल्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेट अजून कितीतरी घरांच्या कपाटात आहेत. फितीला बुरशी लागली, आणि लावून पाहायला यंत्रही मिळेना. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणं बंद केलं. आता फोटो-व्हिडिओ ज्यात मिळतात, त्या पेनड्राइव्हचंही तसंच होऊ शकतं. अल्बममध्ये वाचवलेल्या पैशातून हार्ड डिस्क घ्या. सगळ्या फोटोंची एक प्रत माहेरी, एक सासरी ठेवा. निवडक तीस-चाळीस फोटो चांगल्या फोटो कागदावर छापून घ्या. दर दिवाळीला दोन्ही प्रती एकदा उघडून पाहा, आणि एक बिघडलेली दिसली तर दुसरीवरून लगेच नवी करून घ्या.