गप्प बाळाशीही बोलूया

आम्ही पाळणाघरातल्या ताया. आया कामावर जातात तेव्हा त्यांची तान्ही बाळं दिवसभर आमच्याकडे असतात.

एका खोलीत आठ-दहा बाळं असली की रडणारं आधी कडेवर येतं. जे गप्प पडून राहतं त्याला आपण ‘किती गुणी गं!’ म्हणतो आणि कामं उरकतो. मग दिवसभरात सगळ्यांत कमी शब्द त्याच्याच वाट्याला येतात.

खरं तर बाळ बोलण्याच्या कितीतरी आधी ऐकतं. आईचा आवाज ते पोटात असल्यापासून ओळखतं. दोन-तीन महिन्यांचं झालं की हुंकार देतं, सहा-सात महिन्यांत ‘बाबाबा, दादादा’ सुरू होतं आणि वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. तोवर ते आपलं बोलणं साठवत असतं.

त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. लंगोट बदलताना तोंडाजवळ तोंड नेऊन सांगावं, “हे ओलं काढलं, आता कोरडं घालू हं.” आणि मग थांबावं. मनात पाच आकडे मोजावेत. बाळ हसेल, पाय झाडेल, ‘अं’ करेल. तेच त्याचं उत्तर! त्यावर आपण पुढचं बोलावं. टीव्ही आणि मोबाईल दिवसभर बोलतात, पण बाळाच्या उत्तरासाठी थांबत नाहीत.

आई अहिराणी, पावरी किंवा गोंडी बोलत असेल, तर दूध, पाणी, झोप यांचे तिचे शब्द सकाळीच विचारून घ्यावेत. घरची भाषा सोडायला कधी सांगू नये. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून बाळ बोलायचं मागे राहत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. मोठ्या आवाजाला बाळ दचकत नसेल, सहा महिन्यांनंतरही आवाजाकडे वळत नसेल किंवा वर्ष होत आलं तरी बडबडत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नका. आईला विश्वासात घेऊन सांगा, कान तपासून घ्या. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचीही तपासणी होते. अंगणवाडीताई किंवा आशाताई पुढची वाट दाखवतील. बहिरेपण जितकं लवकर कळेल, तितकी भाषा हाती लागते.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या पाळणाघर उघडलं की पहिली हाक कोपऱ्यातल्या गप्प बाळाला मारूया.