बाणभट्टाची ‘कादंबरी’ : गुण आणि दोष



गावच्या वाचनालयात जाऊन आपण ‘एखादी चांगली कादंबरी द्या’ असे म्हणतो, तेव्हा आपण न कळत एका मुलीचे नाव घेत असतो. कादंबरी ही गंधर्वांच्या राजाची मुलगी. सम्राट हर्षवर्धनाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाने सातव्या शतकात तिची गोष्ट संस्कृत गद्यात लिहिली. ती इतकी नावाजली की, एकोणिसाव्या शतकात इंग्रजी नॉव्हेलच्या धर्तीची पुस्तके मराठीत होऊ लागली तेव्हा आपल्या लोकांनी त्या साऱ्या वाङ्मयप्रकारालाच तिचे नाव देऊन टाकले. कानडीतही तेच झाले. हिंदी आणि बंगाली माणूस ‘उपन्यास’ म्हणतो, गुजराती माणूस ‘नवलकथा’ म्हणतो. आपण मात्र एका मुलीच्या नावाने हाक मारतो. तेव्हा ही मूळची कादंबरी आहे तरी कशी, तिच्यात घेण्यासारखे काय आणि टाकण्यासारखे काय, हे आज थोडे पाहू.

ही प्रेमकथा आहे. पण साधी नव्हे, अद्भुताने भरलेली. इथे पोपट माणसासारखा बोलतो, तरुण मुनी शापाने घोडा होतो, आकाशातून चंद्र उतरून मृतदेह उचलून नेतो आणि मेलेली माणसे पुन्हा जिवंत होतात. आता कुणी म्हणेल, ‘हे सगळं खोटं! असं कुठं असतं का?’ अहो, नसतेच. पण तो प्रश्नच वेगळा. शेतात बुजगावणे उभे करतो ते काय खरा माणूस म्हणून? ते पाखरे हाकलते की नाही, एवढेच आपण बघतो. तसेच इथे बघावे. चमत्काराने माणसाचे सुखदुःख अधिक खोल कळते का? कळत असेल तर चमत्कार कामी आला. आणि अडलेली गोष्ट सोडवण्यापुरताच तो आणला असेल तर तो लटका. या एका मापाने मोजले म्हणजे या ग्रंथाचे गुणदोष आपोआप वेगळे होतात.

गोष्ट सुरू होते विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारात. एक चांडाळकन्या पिंजऱ्यातला पोपट घेऊन येते. राजा विचारतो, तू कोण, कुठला? आणि पोपट आपली हकीकत सांगू लागतो. विंध्याच्या अरण्यात पंपा सरोवराकाठी एक जुनाट सावरीचे झाड. त्याच्या ढोलीत याचा जन्म झाला, आणि जन्मतानाच आई गेली. म्हातारा बाप पिलाला सांभाळतो. त्याचे पंख झडत आलेले, लांब उडवत नाही. इतरांच्या घरट्यांतून खाली पडलेले दाणे आणि फळांचे तुकडे वेचून तो आधी पिलाला भरवतो, उरेल ते आपण खातो. मग शिकारी येतात. एक म्हातारा शबर झाडावर चढतो आणि फळे तोडावीत तशी ढोलीढोलीतली पिले काढून माना मुरगळून खाली टाकतो. बाप पळून जात नाही. पिलाला पंखाखाली घेऊन बसून राहतो. त्यालाही मारून फेकतात. पिलू त्याच्या कुशीत दडलेले असते, म्हणून कुणाला दिसत नाही, आणि पाचोळ्याच्या ढिगावर पडल्यामुळे ते वाचते.

शिक्षकमित्रहो, संस्कृतचे नावही न ऐकलेल्या मुलांना हा एवढा भाग आपल्या मराठीत सांगून बघा. वर्ग गप्प बसेल. आणि मजा अशी की, बाणाने लगेच पुढे काय लिहिले आहे? बाप मेला तरी त्या पिलाला तहान लागते, पाण्याकडे ते खुरडत जाते, आणि जगण्याच्या या हावेची त्याला स्वतःलाच लाज वाटते! पोपट बोलतो हे खोटे. पण आई-बाप गेल्यावर दुसऱ्या दिवशी भूक लागते आणि त्या भुकेची शरम वाटते, हे खोटे कोण म्हणेल? बाणाची आई तो लहान असताना गेली आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास वडीलही गेले, हे त्याने आपल्या ‘हर्षचरिता’त सांगितले आहे. ते मनात ठेवून हा भाग वाचावा.

या पोपटाला जाबाली ऋषींच्या आश्रमात नेतात, आणि ऋषी त्याच्या मागच्या जन्माची कथा सांगतात. उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड एका किन्नर जोडप्याच्या मागे घोडा फेकता फेकता वाट चुकतो आणि अच्छोद सरोवरावर येतो. तिथे महाश्वेता नावाची तापसी वीणा वाजवीत बसलेली असते. तिचे पुंडरीक नावाच्या मुनिकुमारावर प्रेम जडले होते. ती भेटायला जाते तोवर विरहाने त्याचा प्राण गेलेला. पुन्हा भेट होईल, असे चंद्रमंडळातून उतरलेल्या पुरुषाने सांगितले, त्या एका शब्दावर ती तिथे राहिली. तिची सखी कादंबरी. मैत्रीण दुःखात आहे तोवर मी लग्न करणार नाही, असा तिने पण केला आहे, आणि नेमके तिचेच मन चंद्रापीडावर बसते.

या ग्रंथातला सर्वांत जबरदस्त प्रसंग पुढे आहे. चंद्रापीडाचा मित्र, प्रधानाचा मुलगा वैशंपायन त्या सरोवरावर येतो आणि त्याला कसलीशी ओढ लागते. तो महाश्वेतेच्या मागे लागतो. ती संतापून शाप देते, ‘पोपटासारखा बडबडतोस, पोपटच हो!’ तो तत्क्षणी मरून पडतो. आणि तो कोण होता? तिचाच पुंडरीक, दुसऱ्या जन्मातला. ज्याची वाट पाहत ती बसली होती, तो दारात आला आणि तिने ओळखला नाही. निष्ठा खरी, म्हणूनच शाप लागला. आणि शाप लागला तो ज्याच्यावर निष्ठा त्यालाच. पुनर्जन्माची कल्पना काढून टाका, हा प्रसंग उभाच राहत नाही. इथे अद्भुताने आपली पुरी किंमत वसूल केली आहे.

आता दोषांकडे येऊ. पहिला दोष साऱ्यांना ठाऊक आहे. वर्णने! राजाचे वर्णन, नगरीचे वर्णन, घोड्याचे वर्णन; एकेक वाक्य पानेच्या पाने चालते, आणि क्रियापद सापडेपर्यंत कर्ता विसरायला होतो. वेबर नावाच्या जर्मन पंडिताने या गद्याला घनदाट अरण्याची उपमा दिली होती. जुने पंडित म्हणत, सारे जग हे बाणाचे उष्टे आहे. दोघेही आपापल्या परीने खरे. पण जेवणात पंचवीस पक्वान्ने वाढली तर भात कुठे आहे ते शोधावे लागते. ज्या कादंबरीचे नाव ग्रंथाला, ती तर अर्धी गोष्ट उलटल्यावर भेटते! त्यात ऋषींची कथा पोपट सांगतो, ऋषींच्या कथेत महाश्वेता आपली कथा सांगते. फळ्यावर नावे मांडून घेतल्याशिवाय कोण कोणाचा कोण हे कळणे कठीण.

शेवट तर मला फारच सोपा वाटतो. चंद्रापीड म्हणजे साक्षात चंद्र, शूद्रकही तोच; शापाची मुदत संपते, दोन्ही जोडपी जुळतात. महाश्वेतेने आपल्या हाताने केवढा अनर्थ केला, त्याची बोच तिच्या मनात पुढे काय झाली? शब्द नाही. शाप संपला, हिशेब मिटला. हा उत्तरार्ध बाणाचा नव्हे; तो मधेच वारला आणि त्याच्या मुलाने गोष्ट पुरी केली. काव्याच्या गर्वाने नव्हे, गोष्ट अपुरी राहिल्याचे लोकांना दुःख झाले म्हणून लिहितो, असे तो नम्रपणे सांगतो. त्या पोराला फार बोल लावू नये. आराखडा बापाचाच असावा. पोपटाला आरंभीच पिंजऱ्यात बसवले होते ना.

दुसरी गोष्ट मात्र बाणाच्या स्वतःच्या हातची आहे, आणि ती झाकून ठेवू नये. चांडाळकन्या दरबारात येते तेव्हा लांबूनच वेळूची काठी फरशीवर आपटून राजाचे लक्ष वेधते. तिचे रूप पाहून राजाच्या मनात येते, की विटाळाच्या भीतीने ब्रह्मदेवाने हिला हात न लावताच घडवले असावे. शेवटी उलगडते की ती पुंडरीकाची आई लक्ष्मी. लोकांचा संपर्क टळावा म्हणून तिने आपण चांडाळ असल्याचे सांगितले होते. म्हणजे माणसाचा जो अपमान, तो देवीला सोयीचा पडदा! ज्या कवीला पोपटाच्या पिलाची तहान दिसली, त्याला हे दिसले नाही. वर्गात हा भाग आला तर तो गाळू नये. मुलांना विचारू द्यावे.

आणि एक पत्रलेखा. जिंकून आणलेल्या कुलूत देशच्या राजाची ही मुलगी. राणीने तिला वाढवले आणि चंद्रापीडाचे पानदान सांभाळायला दिले. ती सदैव त्याच्या बरोबर, त्याचे गुपित तिला ठाऊक, कादंबरीच्या मनातले निरोप तीच आणते. तिला स्वतःला काय वाटते, ते कवी एका ओळीनेही विचारत नाही. रवींद्रनाथांनी काव्यातल्या उपेक्षित स्त्रियांवर लिहिताना ऊर्मिलेच्या पंक्तीला हिला बसवले आहे. पत्रलेखा कादंबरीचे बोलणे सांगत असतानाच बाणाची लेखणी थांबली. पुढे मुलाच्या भागात, सगळे आनंदात असताना कादंबरीच विचारते, ‘सगळे परत आले, पत्रलेखा कुठं आहे?’ त्यावर उत्तर मिळते, ती रोहिणी होती, सेवेसाठी आली होती, आपल्या लोकी परत गेली.