ध्रुपद धरणारा श्रोता

सोलापूर शहराच्या कानाला एकाच भाषेचें बंधन पूर्वीपासून नाहीं. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नांवानें दर वर्षीं संक्रांतीला गड्डा भरतो आणि उंच नंदीध्वजांची मिरवणूक निघते, त्या बाराव्या शतकांतील सत्पुरुषाचीं वचनें कानडी आहेत. पिढ्यान् पिढ्या मागावर वस्त्र विणीत आलेल्या पद्मशाली कुटुंबांत तेलुगु बोलली जाते. बाजारांत उर्दू कानीं पडते. आणि याच जिल्ह्यांतील पंढरपूरच्या वाटेनें आषाढीला मराठी अभंगांचा घोष चालत येतो. अशा शहरांतील एखाद्या घरांत अमेरिकेंतील गॉस्पेल, सोल किंवा स्मूथ जॅझ या प्रकारांतील नवा अल्बम मोठ्या हौसेनें लावला गेला, तर त्याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. एके काळीं विलायती तबकडी बोटीनें मुंबईस यावयास कित्येक आठवडे लागत. आतां न्यूयॉर्कला जो अल्बम शुक्रवारीं प्रसिद्ध होतो, तो त्याच दिवशीं सोलापुरांतील तरुणाच्या मोबाइलवर येऊन दाखल होतो.

परंतु गाणें घरांत येणें निराळें आणि तें ऐकलें जाणें निराळें. शेजारच्या खोलींत हरिपाठ घेऊन बसलेल्या आजीबाईंना तो नुसता गलका वाटतो. नातवाला तें गाणें अपूर्व वाटतें. परंतु तें संपण्यापूर्वींच त्याचें बोट पुढच्या गाण्यावर गेलेलें असतें. दोघांपैकीं कोणाच्याच हातीं तें पुरतें लागत नाहीं. वास्तविक त्या गाण्याची किल्ली या दोघांमध्यें मिळून आहे, आणि ती आजीबाईंच्या बाजूला थोडी अधिकच आहे. ती कशी, हें पाहण्यासाठीं या संगीताच्या उगमाकडे वळलें पाहिजे.

'गॉस्पेल' म्हणजे शुभवर्तमान. नांव ख्रिस्ती उपासनेंतलें असलें, तरी या गायनाचें मूळ अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कापसाच्या मळ्यांपर्यंत जातें. आफ्रिकेंतून धरून आणलेल्या माणसांना आणि त्यांच्या मुलाबाळांना तेथें गुलाम म्हणून राबविलें जाई. त्यांना लिहावयास-वाचावयास शिकवूं नये, असे कायदे दक्षिणेंतील अनेक राज्यांनीं केले होते. ज्यांच्या हातीं पुस्तक देण्याची बंदी, त्यांनीं भजन कसें करावें? एकानें ओळ सांगावी आणि बाकीच्यांनीं ती उचलावी, हाच मार्ग उरला. दुःख, विनवणी आणि सुटकेची आशा हीं या सांगण्याउचलण्यांत मुरत गेलीं. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें. त्या युद्धानें तेथील गुलामगिरी नष्ट झाली. आणि त्याच युद्धामुळें अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटून आपल्या इकडील कापसाला सोन्याचा भाव आला. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ सालची. गिरण्यांच्या या शहराशीं त्या दूरच्या मळ्यांचा असा एक धागा आहे.

मुक्त झालेल्या लोकांच्या शिक्षणासाठीं टेनेसी राज्यांत नॅशव्हिल येथें फिस्क ही शाळा निघाली. तिला पैशाची चणचण पडली, तेव्हां तेथील विद्यार्थ्यांनीं १८७१ सालीं गायकांचा एक मेळा काढला आणि आपल्या वाडवडिलांचीं भक्तिगीतें गांवोगांवीं गाऊन निधि जमविला. त्या मेळ्यांतूनच पुढें निघालेली फ्रेडरिक लाउडिन यांची मंडळी जगप्रवास करीत १८९० च्या सुमारास हिंदुस्थानांतही येऊन गेली. म्हणजे ज्या संगीताला आज आपण नवें म्हणतों, त्याच्या पूर्वजांचा स्वर या देशांत रेडिओ येण्याच्या कितीतरी आधीं उमटला होता.

या जुन्या भक्तिगीतांना आजच्या गॉस्पेलचें रूप देणाऱ्यांमध्यें टॉमस डॉर्सी यांचें नांव अग्रभागीं आहे. हे गृहस्थ आरंभीं 'ब्लूज' नांवाचीं लौकिक, पुष्कळदां शृंगारिकही गाणीं रचणारे आणि पियानो वाजविणारे होते. पुढें त्यांनीं त्याच वळणाच्या चालींत भक्तिपदें रचलीं, तेव्हां शिकागोंतील कित्येक प्रार्थनामंदिरांनीं तीं गाऊं दिलीं नाहींत. दारूच्या गुत्त्यांतली चाल देवापुढें कशी चालेल, हा आक्षेप. १९३२ च्या ऑगस्टमध्यें डॉर्सी एका उपासना-मेळाव्यासाठीं सेंट लुईस येथें गेले असतां शिकागोहून तार आली: त्यांच्या पत्नी बाळंतपणांत वारल्या. जन्मलेलें मूलही लौकरच गेलें. डॉर्सींचें मन देवावरून उडालें. आतां पुन्हां त्याच्यासाठीं गाणें करावयाचें नाहीं, असें त्यांना वाटूं लागलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत पियानोसमोर बसले असतां त्यांच्या हातून एक पद उतरलें. 'मी थकलों आहें, माझा हात धर,' एवढाच त्याचा आशय. तेंच पद १९६८ सालीं मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीच्या वेळीं महेलिया जॅक्सन यांनीं गाइलें.

आतां आजीबाईंकडे वळावें. कीर्तनांत बुवा चरण म्हणतात आणि टाळकरी ध्रुपद धरतात. बुवा एक शब्द चार वेळां घोळवितात. दर वेळीं त्याचा अर्थ थोडा पुढें सरकतो. लय प्रथम संथ असते, मग चढते, आणि गजराच्या टोकाला शब्द जवळजवळ नाहींसा होऊन केवळ नाम उरतें. गॉस्पेलची बांधणी हीच आहे. मुख्य गायिका ओळ टाकते, वृंद ती उचलतो, टाळ्यांचा ठेका धरला जातो, एकच ओळ पुनःपुन्हां येते, आणि सभेंतील माणसें बसल्या जागीं राहत नाहींत. ज्याला ही पुनरुक्ति कंटाळवाणी वाटते, त्यानें हरिपाठाला बसलेल्या बाईंना विचारावें कीं, तेंच नांव रोज कां घेतां. त्यांचें उत्तर दोन्ही गाण्यांना लागू पडेल.

मराठी मुलखानें तर हा शोध स्वतःपुरता केव्हांच लावला आहे. सोलापुरांत अमेरिकन मराठी मिशनचें कार्य एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकापासूनचें. मिशनऱ्यांनीं आरंभीं विलायती चालींवर भाषांतरित गीतें बसविलीं. तीं शुद्ध होतीं, भक्तीचीं होतीं. पण मराठी जिभेला तीं परकीं वाटत. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु अभंग सोडला नाहीं. तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापर्यंत आलों, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांचीं भजनें आणि अभंग 'उपासना संगीता'त आले, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेंत टाळ व कीर्तन यांना मानाची जागा मिळाली. डॉर्सींनीं आपल्या लोकांच्या ओठांवरची चाल प्रार्थनामंदिरांत नेली. टिळकांनीं त्यापूर्वीं तेंच केलें होतें. एकमेकांना कधीं न पाहिलेल्या दोन माणसांना एकच गोष्ट उमगली: देवाशीं बोलावयाचें तें घरच्या बोलींत आणि घरच्या चालींत.

सोल संगीताचा प्रवास याच्या उलट आहे. गॉस्पेल बाजारांतून देवळांत गेलें, सोल देवळांतून बाजारांत आलें. रे चार्ल्स या अंध गायकानें १९५४ सालीं एका भक्तिपदाच्या चालीवर लौकिक प्रेमगीत बांधून ध्वनिमुद्रित केलें. त्यावर श्रद्धाळूंनीं मोठा गिल्ला केला. परंतु ज्या आर्ततेनें देवाला हांक मारावयाची, त्याच आर्ततेनें माणसालाही हांक मारतां येते, हें त्या गाण्यानें दाखविलें. अरीथा फ्रँकलिन या धर्मोपदेशकाच्या कन्या. सोल गायनांत कीर्ति मिळविल्यावर १९७२ च्या जानेवारींत त्या लॉस एंजलिस येथील एका प्रार्थनामंदिरांत परत गेल्या आणि दोन रात्रीं प्रत्यक्ष उपासकांसमोर गाऊन त्यांनीं गॉस्पेलचा अल्बम तयार केला. त्या ध्वनिमुद्रणांत समोरच्या लोकांच्या हांका, टाळ्या आणि हुंकार सर्व ऐकूं येतात. ते आवाज काढून टाकले, तर उरेल तें केवळ उत्तम गायन; पूर्ण गाणें नव्हे.

जॅझच्या बाबतींत मराठी श्रोत्यानें स्वतःला अगदींच परका समजूं नये. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत १९३५ सालीं लिऑन ॲबी या कृष्णवर्णी अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड पुढें कलकत्त्यास राहिले आणि १९४५ सालीं तेथेंच वारले. त्यांचें वादन गोव्याच्या वादकांनीं कान देऊन ऐकलें. या गोवेकरांचें स्वरलिपीचें शिक्षणही गांवच्या चर्चच्या शाळेंत झालेलें. म्हणजे येथेंही वाट उपासनेच्या दारावरूनच गेलेली. त्यांपैकीं आंतोनियु झेवियर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नांवानें ट्रंपेटवादक म्हणून गाजले. पुणतांब्याला जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, यांच्याबरोबर त्यांनीं काम केलें, आणि १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांतील गाण्यांतून जॅझची लय घरोघरीं गेली. जिला लोक नुसती 'इंग्रजी धाटणी' म्हणत, ती लय न्यू ऑर्लिन्स आणि शिकागोच्या कृष्णवर्णी वस्त्यांतली होती. पुढें १९५८ सालीं डेव्ह ब्रूबेक मुंबईस आले आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खां यांच्याबरोबर वादनांत रंगले. १९७८ पासून मुंबईंत 'जॅझ यात्रा' भरूं लागली. आलापींतून राग उलगडतांना ऐकण्याची ज्याला संवय आहे, त्याला जॅझमधील उत्स्फूर्त विस्तार समजावयास फार वेळ लागूं नये.

स्मूथ जॅझ हें त्याच घराण्यांतलें धाकटें, जरा लाडावलेलें अपत्य. जॉर्ज बेन्सन यांचा १९७६ चा आणि सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन यांचा १९८० चा अल्बम हे त्याच्या पूर्वसुरींपैकीं. त्याची लय मऊ, स्वर गोलाईचे, कोठें ठेंच लागावयाची नाहीं. दिवसभराच्या कामानें शिणलेल्या माणसाला तें संध्याकाळीं सुखवितें, यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु त्याचा एक दोष त्याच्या गुणांतच आहे. तें ऐकावें लागत नाहीं. तें नुसतें चालूं राहिलें तरी चालतें. जेवतांना, लिहितांना, बोलतांना तें मागें वाहत राहतें, आणि हळूहळू कानाला अशी संवय जडते कीं, सर्वच संगीत मागें वाहत राहण्यासाठीं आहे. मग डॉर्सींच्या पत्नीचा मृत्यूही जेवणाच्या टेबलामागें वाजूं लागतो.

हौशी श्रोत्याला खरा धोका आहे तो येथें. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. उठून ती उलटावी लागे, सुई बदलावी लागे, चावी द्यावी लागे. घरांत दहा-वीस तबकड्या असत आणि त्या पाठ होत. आज लक्षावधि गाणीं हाताशीं आहेत, दर शुक्रवारीं त्यांत नवीं पडतात, आणि आपण किती अल्बम ऐकले याची मोजदाद म्हणजेच रसिकता असें वाटूं लागतें. ती हौस खोटी नाहीं. नव्याचें कुतूहल ज्याला नाहीं, त्याच्या कानाला गंज चढतो. पण शंभर कीर्तनांना हजेरी लावून एकाही ध्रुपदाला आवाज न देणाऱ्या माणसाला कोणी टाळकरी म्हणत नाहीं.

टाळकऱ्याला ऐकावेंच लागतें, कारण पुढची ओळ त्याला उचलावयाची असते. तोच नियम नव्या अल्बमाला लावून पाहावा. आठवड्यांत एकच अल्बम निवडावा आणि तो आरंभापासून अखेरपर्यंत, ज्या क्रमानें कलावंतानें मांडला त्याच क्रमानें ऐकावा. पहिल्या खेपेस केवळ ठेका धरावा. टाळी कोठें पडते, हें हातानेंच शोधावें. दुसऱ्या खेपेस मुख्य गायिकेला सोडून मागच्या वृंदाकडे कान द्यावा: तो केव्हां उत्तर देतो, केव्हां थांबतो, केव्हां तिच्या आधींच पुढें जातो. तिसऱ्या खेपेस शब्द समोर घेऊन बसावें आणि न समजलेल्या ओळीचा अर्थ शोधावा. या खेपेस घरांतील वडील माणसांनाही शेजारीं बसवावें. त्यांना इंग्रजी येत नसेल. पण सिद्धरामेश्वरांपुढें हात जोडणाऱ्या किती मराठी माणसांना त्यांच्या कानडी वचनांचा शब्दशः अर्थ येतो?

'मी थकलों आहें, माझा हात धर,' एवढा आशय नातवानें आजीबाईंना मराठींत सांगावा आणि मग तें गाणें पुन्हां लावावें. ती बाई कोण, तिचा देव कोणता, ती कोणत्या देशची, हे प्रश्न त्या कदाचित् विचारतील, कदाचित् विचारणारही नाहींत. दुसऱ्यांदा ओळ येईल तेव्हां त्यांचा हात मांडीवर ठेका धरूं लागला, तर नातवानें मोबाइलकडे पाहूं नये. तिकडे पाहावें आणि त्या ठेक्यांत आपली टाळी मिळवावी.